‘बरं होईल’ की ‘बरं झालं असतं’?

मित्रहो, एका पत्रातल्या एका ओळीपासून सुरुवात करतो. माझा एक जुना विद्यार्थी ते पत्र घेऊन घरी आला होता. परदेशातल्या एका नियतकालिकाकडे त्यानं इतिहासावरचा लेख पाठवला होता आणि परीक्षकाचा अभिप्राय आला होता. ओळ अशी: ‘द आर्ग्युमेंट वुड बी कन्व्हिन्सिंग इफ देअर वेअर मोअर एव्हिडन्स.’ ‘कन्व्हिन्सिंग’ या शब्दाखाली त्यानं पेनानं दोनदा रेघ ओढली होती. ‘‘सर, त्यांना पटलंय. थोडा पुरावा वाढवायचाय, एवढंच.’’ दोन-तीन तळटीपा जोडून तो लेख त्याच दिवशी परत पाठवणार होता. मी त्याला खाली बसवलं. परीक्षकानं लिहिलं होतं की युक्तिवाद पटत नाही.

चूक त्याच्या इंग्रजीची नव्हती, वाचण्याच्या सवयीची होती. विशेषण डोळ्यांत भरतं. ‘गुड’, ‘एक्सलंट’, ‘कन्व्हिन्सिंग’ दिसलं की आपण तिथंच थांबतो. पण इंग्रजीत निवाडा एकटं विशेषण देत नाही. तो निवाडा घडलेल्या गोष्टीवर आहे, घडू शकेल अशा गोष्टीवर आहे की जे नाही त्यावर आहे, हे क्रियापद सांगतं. ‘इज’च्या जागी ‘वुड बी’ आलं की विशेषणातली स्तुती हातातून निसटते. ‘इफ’नंतर ‘वेअर’ आलं की ती सध्या तरी लागू नाही हे नक्की होतं. एव्हिडन्स एकवचनी असूनही तिथं ‘वेअर’ येतं, ‘इफ आय वेअर’मध्येही तेच. त्या ‘वेअर’चा भूतकाळाशी संबंध नाही. ‘असं नाहीये, पण धरून चालू’ एवढंच ते सांगतं.

यात आपल्याला परकं वाटावं असं फारसं काही नाही. ‘उद्या पाऊस पडला तर’ असं आपण म्हणतो तेव्हा ‘पडला’ हे रूप भूतकाळाचं असतं आणि पाऊस उद्याचा असतो. शाळेच्या व्याकरणात आपण ‘संकेतार्थ’ शिकलो, ‘असता तर झालं असतं’ हे घरात रोज ऐकलं. सामग्री आपल्याकडे आहे. अडचण अशी की इंग्रजीचे कप्पे आणि आपले कप्पे एकावर एक बसत नाहीत. इथं जरा थांबू या, कारण भाषांतरातल्या निम्म्या चुका इथं होतात असा माझा अनुभव आहे.

इंग्रजीत तीन पायऱ्या आहेत. ‘इट इज नाइस इफ यू कम’, ‘इट वुड बी नाइस इफ यू केम’, ‘इट वुड हॅव बीन नाइस इफ यू हॅड कम’. पहिली आणि तिसरी मराठीत सरळ उतरतात: ‘तू आलास की छान वाटतं’ आणि ‘तू आला असतास तर बरं झालं असतं’. मधली मात्र मराठीत दुभंगते. ती उद्याबद्दल असेल तर ‘तू उद्या आलास तर बरं होईल’, म्हणजे दार उघडं. ती आजच्या परिस्थितीबद्दल असेल तर, ‘खोली मोठी असती तर बरं झालं असतं’. आता हे दुसरं वाक्य पाहा. खोली आज लहान आहे की गेल्या वर्षी, लग्नाच्या दिवशी लहान पडली, हे वाक्यावरून कळत नाही. आपलं ‘असती तर झालं असतं’ दोन्हीकडे चालतं. इंग्रजी तिथं ‘वुड बी’ आणि ‘वुड हॅव बीन’ असे दोन वेगळे रस्ते करतं.

म्हणून त्या परीक्षकाची ओळ अवघड होती. ‘पुरावा दिला तर पटेल’ असं केलं तर नकार गळून पडतो. ‘पुरावा असता तर पटलं असतं’ असं केलं तर दार कायमचं बंद होतं. परीक्षकाला म्हणायचं होतं की आत्ता पटत नाही, पण दार उघडं आहे. मी विद्यार्थ्याला मराठीत दोन वाक्यं लिहून दिली: ‘युक्तिवाद सध्या पटत नाही. पटायला हवा असेल तर पुरावा बराच वाढवावा लागेल.’ एका वाक्याची दोन करायला भाषांतरकारानं लाजू नये.

आता विशेषणांकडे. सगळीच विशेषणं या साच्यात बसत नाहीत. पॉल आणि कॅरल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी 1970 साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात ‘ऑड’, ‘ट्रॅजिक’ अशी विशेषणं एका बाजूला आणि ‘लाइकली’, ‘पॉसिबल’ दुसऱ्या बाजूला ठेवली. ‘इट इज ट्रॅजिक दॅट ही लेफ्ट’ म्हटलं की तो गेला हे बोलणाऱ्यानं धरलेलंच असतं. ‘लाइकली’ म्हटलं तर गेला की नाही, माहीत नाही. आता ‘दॅट’ काढून ‘इफ’ घाला: ‘इट वुड बी ट्रॅजिक इफ ही लेफ्ट’. तो अजून गेलेला नाही, वाईट वाटणं मात्र आधीच मांडून ठेवलं आहे. ‘लाइकली’ला असं करता येत नाही, ते वाक्य कानाला खटकतं. म्हणजे ज्या विशेषणात मत आहे, भावना आहे, तेच या ‘इफ’शी जुळतं. आणि तो ‘इफ’ दोन कामं करतो. तो अटही आहे आणि निवाडा ज्यावर द्यायचा ती गोष्टही तोच आहे. ‘तू आलास तर बरं होईल’ यात बरं काय? तुझं येणं. मराठीचाही साचा तोच.

‘सरप्राइज्ड’ची गोष्ट मला फार आवडते. ‘आय वुड बी सरप्राइज्ड इफ ही डिडंट रिझाइन’. विद्यार्थी यात नकार मोजत बसतात आणि गोंधळतात. मोजू नका, आजीचं बोलणं आठवा: ‘तो राजीनामा देणार नाही तरच नवल!’ संपलं. इतकं नेमकं भाषांतर शब्दकोशात सापडणार नाही, ते आपल्या तोंडात आधीपासून आहे.

माणसाबद्दलच्या निवाड्यात एक छोटा शब्द फार मोठं काम करतो. ‘इट वुड बी गुड ऑफ यू टु कम’ आणि ‘इट वुड बी गुड फॉर यू टु कम’. इथं ‘इफ’ नाही, पण ‘टु कम’मध्ये अट लपलेली आहेच. पहिल्याचा अर्थ ‘आलात तर उपकार होतील’, दुसऱ्याचा ‘आलात तर तुमचंच भलं’. पहिल्यात विशेषण माणसाच्या मोठेपणाबद्दल बोलतं, दुसऱ्यात त्याच्या फायद्याबद्दल. वरिष्ठांना विनंती करताना ‘ऑफ’ऐवजी ‘फॉर’ पडलं, तर विनंतीचा उपदेश होतो.

याहून वाईट प्रकार ‘बेटर’चा. पत्रात, ईमेलमध्ये आपली माणसं सर्रास लिहितात, ‘यू हॅड बेटर सेंड द पेपर्स’. मनात असतं ‘कागद पाठवलेले बरे’. वाचणाऱ्याला ऐकू येतं, ‘पाठवा, नाहीतर बघा’. ‘हॅड बेटर’मध्ये न सांगितलेला परिणाम उभा असतो. आईनं मुलाला म्हणावं, डॉक्टरनं रोग्याला म्हणावं, अनोळखी माणसाला नाही. आपलं सौम्य ‘बरं’ इंग्रजीत न्यायचं असेल तर ‘इट वुड बी बेटर इफ यू सेंट’, किंवा त्याहून चांगलं, ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड’. इथं विशेषण समोरच्यावरून उचलून स्वतःवर घेतलं आहे. त्यानं काय करावं हे न सांगता, त्यानं केलं तर मला काय वाटेल तेवढंच सांगितलं. इंग्रजीतल्या सभ्यतेचा मोठा भाग या जागाबदलात आहे, आणि तो शिकवायला वर्गात पाच मिनिटं पुरतात. तरी आपण मुलांकडून फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनलचे तक्ते पाठ करून घेतो आणि हे सांगतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेवटी एक साचा, ज्यात ‘इफ’ला क्रियापदच नसतं. ‘अ यूसफुल इफ डल बुक’. इथं अट अजिबात नाही. ‘पुस्तक उपयोगी आहे, कंटाळवाणं असलं तरी’. या ‘इफ’ला ‘तर’ नव्हे, ‘तरी’ लागतो. मात्र ‘गुड, इफ नॉट एक्सलंट’ आलं की सावध व्हा. ‘उत्कृष्ट नाही, पण चांगलं’ असाही अर्थ निघतो आणि ‘चांगलं, कदाचित उत्कृष्टसुद्धा’ असाही. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं, कागदावर ती सोय नाही. एका उमेदवाराच्या शिफारसपत्रात हे चार शब्द होते आणि मला त्याचं मराठी करून द्यायचं होतं. मागचीपुढची सगळी वाक्यं चाळली, कौल लागेना. शेवटी पत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकांनाच फोन केला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘उत्कृष्टच लिहा.’’