खुनाला नेमकं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

२२ सप्टेंबर २०२२. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह. एक्क्याण्णव वर्षांचा एक म्हातारा चाकांच्या खुर्चीत बसलाय, कानाला हेडफोन आहेत आणि न्यायाधीश त्याच्या अपिलाचा निकाल वाचताहेत. हा खिउ सम्फान, ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीचा राष्ट्रप्रमुख. त्याची जन्मठेप त्या दिवशी कायम झाली. तोवर त्याची राजवट जाऊन त्रेचाळीस वर्षं उलटली होती.

ती राजवट टिकली किती? १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९. पुरती चार वर्षंही नाहीत. तेवढ्यात शहरं रिकामी केली गेली, इस्पितळातल्या रुग्णांनाही रस्त्यावर काढलं, चलन रद्द झालं, शाळा आणि विहार बंद पडले. उपासमार, आजार, वेठबिगार आणि कत्तली यांत सुमारे १७ लाख माणसं गेली.

मग खटल्याला इतका उशीर का? १९७९च्या ऑगस्टमध्ये ख्मेर रूजचा सर्वोच्च नेता पोल पॉट आणि परराष्ट्रमंत्री इएंग सारी यांच्यावर त्यांच्या गैरहजेरीत एक खटला चालला, फाशीही सुनावली गेली. पण ते न्यायालय व्हिएतनामच्या आधारावर आलेल्या सरकारचं, म्हणून जगातल्या बहुतेकांनी ते मानलंच नाही. उलट, संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाची खुर्ची पुढेही कित्येक वर्षं ख्मेर रूज आणि त्यांच्या साथीदारांकडेच राहिली. हे मला आजही पचत नाही. पोल पॉट १९९८ साली जंगलातच मेला. संयुक्त राष्ट्रं आणि कंबोडिया यांचा करार झाला २००३ मध्ये, आणि न्यायालय प्रत्यक्ष उभं राहिलं २००६ मध्ये.

हे न्यायालय मिश्र होतं. खटला ऐकायला पाच न्यायाधीश, तीन कंबोडियाचे आणि दोन बाहेरचे. दोषी ठरवायला मात्र चार मतं लागत. म्हणजे देशातले तिघं एक झाले तरी बाहेरच्या एकाला तरी पटवावंच लागे. अविश्वासातून निघालेली तडजोड होती ती. पण तिच्यावर गाडा चालला.

पहिला आरोपी डुच. मूळचा गणिताचा शिक्षक. एका शाळेच्या इमारतीत त्यानं तुरुंग चालवला, एस-२१, म्हणजेच तुओल स्लेंग. तिथे किमान १२,२७२ माणसं मारली गेली, असं न्यायालयानं नोंदवलं. कैद्यांचे फोटो, त्यांचे कबुलीजबाब, वर डुचच्या हातचे शेरे. हिशेबाला पक्का माणूस; त्याच हिशेबानं त्याला अडकवलं. खटल्यात त्यानं माफी मागितली आणि अगदी शेवटच्या दिवशी ‘मला सोडा’ म्हणाला. २०१० साली ३५ वर्षांची शिक्षा झाली, २०१२ मध्ये अपिलात ती जन्मठेप झाली.

आता एका शब्दाबद्दल बोलतो. मोठी कत्तल झाली की आपण मराठीत सरसकट ‘नरसंहार’ म्हणतो. कायद्यातला गुन्हा मात्र वंशसंहाराचा. १९४८च्या करारानुसार एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट, गट म्हणूनच पूर्णतः वा अंशतः नष्ट करायचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. राजकीय विरोधक किंवा शिकलेले लोक त्या व्याख्येत बसत नाहीत. आणि कंबोडियात मेलेले बहुसंख्य लोक ख्मेरच, म्हणजे तिथल्या बहुसंख्य वंशाचेच होते, मारणारेही ख्मेर.

म्हणून १६ नोव्हेंबर २०१८चा निकाल नीट ऐकावा लागतो. व्हिएतनामी वंशाच्या लोकांचा वंशसंहार: पोल पॉटचा उजवा हात नुओन चेआ आणि खिउ सम्फान दोघंही दोषी. चाम मुसलमानांचा वंशसंहार: फक्त नुओन चेआ दोषी, खिउ सम्फान त्या आरोपातून सुटला. बाकीच्या लाखोंच्या मृत्यूंना कायद्यानं वेगळं नाव दिलं, मानवतेविरुद्धचे गुन्हे. अनेकांना ते नाव कमअस्सल वाटतं. मला वाटत नाही. नागरिकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला झाला आणि हा त्याचाच भाग होता, हे त्यात दाखवावं लागतं. कुणाची जात-धर्म विचारावी लागत नाही. आपल्याच माणसांना मारणाऱ्या सत्तेला पकडायला हाच शब्द कामाचा.

पैसे गेले ३३ कोटी डॉलरच्या वर, आणि दोषी ठरले तिघं. इएंग सारी खटला चालू असतानाच २०१३ मध्ये वारला. त्याची बायको इएंग थिरिथ, तीही मंत्री. स्मृतिभ्रंशामुळे तिच्यावरचा खटला थांबला. नुओन चेआ अपिलाच्या निकालाआधीच गेला. पुढच्या आरोपींवर खटले नकोत, असा तेव्हाचे पंतप्रधान हुन सेन यांचा हट्ट होता; ते स्वतः एकेकाळी ख्मेर रूजमध्येच होते. यावर टीका झाली, आणि ती रास्तच होती.

तरी एक काम या न्यायालयानं असं केलं, ज्याची फारशी चर्चा होत नाही. ख्मेर रूजनं लग्नंही हुकमानं लावली. अनोळखी मुलगा, अनोळखी मुलगी, एका वेळी अनेक जोडपी, आईवडील नाहीत, विधी नाही. ‘अंगकार’शी, म्हणजे संघटनेशी, एकनिष्ठ राहायची शपथ घ्यायची आणि संसार सुरू. नकार देणाऱ्याला शिक्षेची भीती. २०१८च्या निकालात ही सक्तीची लग्नंही मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात धरली. सक्तीनं एकत्र आलेली काही जोडपी राजवट पडल्यावर वेगळी झाली. काही मात्र एकत्रच राहिली, मुलं झाली, नातवंडं झाली. त्यांचं लग्न हा गुन्हा होता, हे न्यायालयानं सांगितलं तेव्हा ती म्हातारी झाली होती.