शिबिरातलं पदक कुणाला द्यायचं?

(स्काउट-गाईड शिक्षक आणि पालकांसमोर उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, परीक्षा संपत आल्यात. तुमच्या वह्यांत शिबिरांच्या तारखाही पडल्या असतील. कुणी पचमढीला जाईल, कुणी कोकणात, कुणी गावाजवळच्याच तलावाकाठी तंबू ठोकेल. या शिबिरांबद्दल माझा आज एकच आग्रह आहे. मुलांच्या सुरक्षिततेचं काम मुलांच्याच हाती द्या, आणि समारोपाच्या दिवशी पहिलं कौतुक त्या कामाचं करा.

हे मी नवीन काही सांगत नाही. १९०७च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. त्यात बड्या घरची मुलं होती तशी कामकरी कुटुंबांतलीही होती. त्यांचे चार संघ पाडले, प्रत्येक संघाला एक नायक दिला, आणि संघात काय घडतं याचा जाब त्या मुलाला विचारला. रात्रीचा पहारासुद्धा आळीपाळीने एकेका संघाकडे असे. आपल्याकडे सुरुवातीला भारतीय मुलांना स्काउटमध्ये प्रवेशच नव्हता. मग श्रीराम बाजपेयी, पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीची स्काउट पथकं उभी केली, आणि ती पोरं जत्रा-मेळ्यांच्या गर्दीत यात्रेकरूंच्या मदतीला उभी राहिली. ७ नोव्हेंबर १९५०ला वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ झाली, तेव्हा ही परंपरा तिच्यासोबत आली.

आता पुरस्कारांकडे या. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, आणि वर राष्ट्रपती पुरस्कार. ही शिडी फार विचाराने बांधलेली आहे. प्रथमोपचार, गाठी, नकाशा-होकायंत्र, सेवा हे सगळं खालच्या पायरीपासून वरपर्यंत वाढत जातं. राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीचं प्रमाणपत्र हाती आलं की घरात दिवाळी होते, ती व्हायलाच हवी. पण दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी चाचणीच्या आदल्या रात्री नोंदवही भरून काढायची, हे जिथे चालतं तिथे मुलाच्या हाती फक्त कागद येतो. त्या मुलाला जखमेवर पट्टी बांधता येत नसेल, तर त्याच्या छातीवरचं चिन्ह दुसऱ्या मुलांना फसवतं. अडचणीच्या वेळी ती त्याच्याकडेच धावणार आहेत.

उन्हाचं आधी बोलू. १६ एप्रिल २०२३ला खारघरला उघड्या मैदानावर भर दुपारी पुरस्काराचा सोहळा झाला आणि उष्माघाताने १४ माणसं गेली. श्रद्धेने आलेली माणसं होती ती. पाहुण्यांची वाट बघत आपणही मुलांना रांगेत उभं करतोच ना? समारोप सकाळी आठच्या आत उरका. पाहुणे पोहोचले नाहीत तर स्वयंपाकाच्या मावशींच्या हस्ते पदकं द्या. प्रत्येक संघात एका मुलाला पाण्याचा प्रमुख करा. कोण पाणी प्यायलं, सकाळपासून लघवीला कोण गेलं नाही, हे त्याने बघायचं. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही जलसंजीवनी त्याला झोपेतही करता यावी. एखादं पोर असंबद्ध बोलायला लागलं आणि अंग तापलं, तर त्याला काही पाजत बसायचं नाही. सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ला फोन लावायचा.

पाण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. ८ जून २०१४ला हैदराबादचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी सहलीला हिमाचलात होते. ब्यास नदीत पाणी कमी होतं म्हणून फोटो काढायला खडकांवर गेले. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. अठरा-वीस वर्षांची, शिकलेली मुलं. त्या नदीची सवय कशी असते, पाणी केव्हा सुटतं, हे काठावरच्या माणसाला विचारून पाण्याकडे जायचं असतं, हे आपण मुलांना कधी शिकवतो? म्हणून नियम करा. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल नाही. उतरायचं ते जोडीनेच. शिट्टी वाजली की जोडीदारांनी हात धरून वर करायचे आणि मोजणी व्हायची. आणि एखादा संघनायक म्हणाला, “आज उतरायचं नाही,” तर त्याच्या मागे उभे राहा. त्याचे सगळे दोस्त त्या क्षणी त्याच्यावर चिडलेले असतात. तेरा वर्षांच्या मुलाला ते सोसणं किती जड जातं! मला विचाराल तर शिबिरातलं सगळ्यात मोठं पदक त्याचं. नोंदवहीत त्याच्या नावापुढे ते स्वच्छ अक्षरात लिहा: कोणत्या दिवशी, काय बघून, संघाला मागे फिरवलं.

विंचू-सापांचं थोडक्यात. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या कामामुळे कोकणात विंचूदंशाने जाणारे कितीतरी जीव वाचले, पण औषध दवाखान्यात असतं. बूट झटकून घालणं, मण्यारीच्या भीतीने जमिनीवर न झोपणं आणि रात्री बॅटरीशिवाय न हिंडणं आपल्या हातात आहे. साप चावला तर चिरा नाही, आवळपट्टी नाही, हात-पाय हलवू न देता थेट रुग्णालय.

शेवटचा धोका आपल्यातल्या मोठ्यांचा. हे बोलताना सभागृहात चुळबुळ होते, तरी बोललंच पाहिजे. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स या शतकभर जुन्या संघटनेने २०२०मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. लैंगिक अत्याचाराचे ८२ हजारांहून जास्त दावे पुढे आले. संशयित पथकप्रमुखांच्या फायली तिथे अनेक दशकं कुलपात होत्या. संघटनेचं नाव राखण्यासाठी मुलांना गप्प ठेवलं की काय होतं, ते यातून दिसतं. आपल्याकडे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२चा पॉक्सो कायदा आहे. असा प्रकार कळला आणि पोलिसांना कळवलं नाही, तर तो गुन्हा ठरतो. ‘आपसात मिटवू’ हे वाक्य शिबिरात उच्चारायचंच नाही. कोणताही सर, कोणतीही मॅडम एकट्या मुलासोबत बंद तंबूत नको. मुलींच्या शिबिरात मुक्कामाला महिला हव्यातच. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून पाठ करून घ्या, प्रार्थनेइतका पक्का.

पालकांनो, फी भरण्याआधी आयोजकांना विचारा: रात्री मुलांजवळ कोण कोण असतं, जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि तिथे पोहोचवायला गाडी उभी असते का, पाण्यात उतरायचं की नाही हे कोण ठरवतं. विचारताना संकोच करू नका. ज्यांनी तयारी केली आहे ते आनंदाने उत्तर देतील. जे चिडतील, त्यांच्याकडे मूल पाठवू नका.