डायलिसिसच्या रुग्णांचे अस्वस्थ पाय आणि काशाची वाटी

श्रोतेहो, नमस्कार. डायलिसिस घेणाऱ्या अनेक रुग्णांच्या पायांत दिवेलागणीनंतर अशी काही तगमग सुरू होते की पोटऱ्यांत आतून वळवळल्यासारखे वाटते, पाय हलवल्यावाचून राहवत नाही, आणि उठून चार पावले चालल्यावरच तेवढ्यापुरते बरे वाटते. स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम या डॉक्टरांनी १९४५ मध्ये अस्वस्थ पायांच्या या विकाराचे सविस्तर वर्णन केले. ही तगमग म्हणजे मनाचे खेळ नव्हेत, हे घरच्यांनी आधी मान्य करावे.

मी नाशिकमध्ये डायलिसिस विभागात परिचारिका आहे. निफाडकडचे एक वयस्कर द्राक्ष बागायतदार आमच्याकडे येत असत. डायलिसिसचा तिसरा तास लागला की त्यांचे पाय चाळवू लागत आणि ते काकुळतीने म्हणत, "सिस्टर, आता सोडा मला." एकदा डॉक्टरांच्या परवानगीने त्यांच्या पत्नीला, म्हणजे आजींना, त्यांच्या पायाशी स्टुलावर बसवले. आजींनी घोट्यापासून गुडघ्याकडे तळव्याने सावकाश दाबत न्यायला सुरुवात केली, आणि आजोबा पूर्ण वेळ मशीनवर राहिले. नातेवाइकांना सरसकट बाहेरच्या बाकावर बसवण्याची पद्धत मला तेव्हापासून पटेनाशी झाली आहे.

घरी त्यांची सून रात्री खोबरेल तेल लावून काशाच्या वाटीने तळपाय घाशी. तळवे काळे पडत. शेजारच्यांनी सांगितले, "बघा, क्रिएटिनिन बाहेर पडते आहे." क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ. आजोबांनी ते मनावर घेतले आणि शनिवारचे डायलिसिस टाळायचे ठरवले. आजी मात्र वाटी पिशवीत घालून त्यांना घेऊनच आल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, तुम्हीच काय ते सांगा यांना." मी सांगण्याऐवजी चप्पल काढली आणि तीच वाटी, तेच तेल माझ्या तळपायावर घासले. माझी मूत्रपिंडे धडधाकट आहेत, तरीही थोड्याच वेळात माझा तळवा तसाच काळपट झाला. काशात तांबे असते, तेलाशी आणि घामाशी त्याचा संयोग होऊन तो काळा रंग येतो. आजोबांनी माझा पाय पाहिला, स्वतःचा पाहिला, आणि काही न बोलता डायलिसिसआधीच्या वजनकाट्यावर जाऊन उभे राहिले.

म्हणून सांगते: पाय चोळल्याने तगमग कमी होऊ शकते, रक्त शुद्ध होत नाही. इराण आणि तुर्कस्तानातील डायलिसिसच्या रुग्णांवर तेलाचे मर्दन, तळपायावरील दाब आणि अ‍ॅक्युप्रेशर यांचे प्रयोग झाले असून त्यांत बऱ्याच जणांना उतार पडला. मात्र ते प्रयोग लहान आणि थोड्या काळाचे होते. हल्ली दुकानोदुकानी दिसणाऱ्या काशाच्या थाळीच्या मशीनपेक्षा मला घरच्या माणसाचा हात अधिक भरवशाचा वाटतो, कारण कुठे दुखते हे हाताला कळते.

दाब हलका असावा, कारण डायलिसिसच्या वेळी रक्त पातळ ठेवण्यासाठी हेपॅरिन देतात आणि जोर लावल्यास काळे-निळे डाग पडतात. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या, हाताला मालीश करू नये. जांघेत डायलिसिसची नळी असेल तर तो पाय चोळू नये. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर रक्ताची गाठ असू शकते. तेव्हा हात न लावता डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहामुळे पाय बधिर असतील, तर आधी बोटांच्या बेचक्यांत जखम नाही ना हे पाहावे आणि कढत पाण्याचा शेक देऊ नये.

एवढे करूनही झोप मोडत असेल, तर डॉक्टरांकडून फेरीटिनची, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याची, तपासणी करून घ्यावी, कारण शरीरातले लोह कमी झाल्यानेही ही तगमग वाढते. सर्दीच्या आणि उलटीच्या काही गोळ्यांनीही ती बळावते, तेव्हा घरात घेतली जाणारी प्रत्येक गोळी पिशवीसकट डॉक्टरांसमोर ठेवावी. नमस्कार.