संशोधन दवाखान्यातच सुरू होतं

मित्रहो,

“आपण प्रॅक्टिस करणारी माणसं, संशोधन मेडिकल कॉलेजवाल्यांनी करावं,” असं आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. का नाही, हे सांगायला आपल्या कोकणातलंच उदाहरण पुरेसं आहे.

सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट पोरं आणि शेतात राबणारी माणसं तिथे येत आणि काही तासांत दगावत. गंभीर रुग्णांपैकी १०० मागे ३० ते ४० जण जात. अशा विंचूदंशावर नेमके काय उपचार करावेत, हे सांगणारं पाठ्यपुस्तकात फारसं काही नव्हतं. बावस्करांनी काय केलं? ते रुग्णाच्या उशाशी बसले. उलटी कधी झाली, घाम कधी फुटला, लाळ कधी गळू लागली, हातपाय कधी गार पडले, नाडी आणि रक्तदाब दर वेळी किती होता, हे सगळं वेळेसकट लिहीत गेले. त्या नोंदींतून एक क्रम दिसू लागला: आधी ही लक्षणं, मग वाढलेला रक्तदाब, मग हृदयावर ताण, मग फुप्फुसांत पाणी. पुढे धोका आहे हे आधीच सांगणाऱ्या या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्याला आपण ‘साधं निरीक्षण’ म्हणतो ते हेच, आणि ते मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात होणं शक्यच नव्हतं, कारण हा रुग्ण तिथवर जिवंत पोहोचत नसे.

पुढचं पाऊल याच नोंदींतून निघालं. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मग त्या सैल करणारं औषध का देऊ नये? प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी हाताशी होती. १९८६ साली तिच्या वापरावरचा लेख डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्याने पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच दिला. प्राझोसिन वेळेत मिळालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण काही टक्क्यांवर आलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण विंचूदंशावरची लस, म्हणजे विष निकामी करणारं प्रतिविष आलं, तेव्हा “माझी गोळीच पुरे” म्हणून ते गप्प बसले नाहीत. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले: एकाला नुसती गोळी, दुसऱ्याला गोळी आणि लस. एकूण रुग्ण ७०. दहा तासांत बरे झालेले लस मिळालेल्या गटात ३५ पैकी ३२, नुसत्या गोळीच्या गटात ८. हा अभ्यास २०११ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. स्वतःच्या हातून घडलेल्या यशालाही कसाला लावायची ही तयारी मला सगळ्यात मोठी वाटते.

कारण नुसता अनुभव फसवतो. हार्ट अटॅकनंतर ठोके अनियमित पडले की ते दाबणारी औषधं द्यायची, असं ऐंशीच्या दशकात जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ करत होते. कारण पटण्याजोगं होतं, ईसीजीही सुधारलेला दिसायचा. ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या अशाच दोन औषधांची तुलना खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी केली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते, खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. तो सुधारलेला ईसीजी पाहून कित्येक डॉक्टर समाधानाने घरी गेले असतील. दगावलेला रुग्ण तक्रार घेऊन दवाखान्यात परत येत नाही, म्हणून तुलनेवाचून हे कळायचं नाही. आणि ज्याने स्वतः कधी अशी मोजणी केली नाही, त्याला एमआरने, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीने, पुढे केलेल्या गुळगुळीत कागदावरचा आलेख तपासताही येत नाही. तुलना कशाशी केली, किती रुग्ण मध्येच सोडून गेले, मृत्यू ‘निम्मे’ झाले म्हणजे १०० तले किती जण वाचले, हे प्रश्न सुचायला हात मोजणीत घालावा लागतो.

औषधाची चाचणी करायची तर एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची मान्यता, रुग्णाची समजून घेतलेली संमती आणि सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी हवीच. त्यात पळवाट नाही, आणि असूही नये. पण नीट नोंद ठेवायला कोणाची हरकत आहे? फक्त ती प्रसिद्ध करायचा विचार असेल, तर त्यासाठीही कमिटीकडे आधी जा.

आपल्या तालुक्याचा प्रश्न मी सुचवतो. आपल्याकडे चापडा हा विषारी साप चावलेले रुग्ण येतात. सर्पदंशाची जी लस आपण वापरतो ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरची. चापड्याच्या विषासाठी ती बनवलेलीच नाही. तरी घाबरून आपल्यातले किती जण ती देतात? तिची रिअ‍ॅक्शन किती जणांना येते? न दिलेल्यांची सूज किती दिवसांत उतरते, रक्त गोठण्यात बिघाड किती जणांत दिसतो? हे आज आपल्यापैकी कोणीही आकड्यांत सांगू शकत नाही, आणि आपण नाही सांगितलं तर दुसरं कोणी सांगणारही नाही. एका पानाचा नमुना तयार करू: चावल्याची वेळ, साप कोणी पाहिला, वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी, सुजेचं माप, दिलेले उपचार, सातव्या दिवशीची अवस्था. कमिटीच्या अर्जाचं काम मी अंगावर घेतो. पावसाळ्याच्या आत सुरुवात करायची असेल, तर नावं आजच द्या.