पत्ता तोच, वाट भलतीच

[दृश्य : काळा पडदा. कोपऱ्यात घड्याळ, यूटीसी १८:४७.]

२४ फेब्रुवारी २००८. यूटीसी घड्याळात संध्याकाळचे सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली आहेत. कोणते पत्ते कुठे आहेत हे इंटरनेटवरची नेटवर्कं एकमेकांना बीजीपी या प्रोटोकॉलनं सांगतात, आणि अशा प्रत्येक स्वतंत्र नेटवर्कला एक एएस क्रमांक असतो. पाकिस्तान टेलिकॉमच्या नेटवर्कमधून, म्हणजे एएस १७५५७ मधून, एक घोषणा बाहेर पडते : २०८.६५.१५३.०/२४ इथे आहे.

हे पत्ते यूट्यूबचे. देशात यूट्यूब बंद करण्याचा सरकारी आदेश होता, म्हणून तो रूट, म्हणजे त्या पत्त्यांची वाट, घरातल्या घरात खड्ड्याकडे वळवला होता. तो उंबऱ्याबाहेर जायला नको होता, पण गेला. अपस्ट्रीम, म्हणजे त्यांना बाकीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या पीसीसीडब्ल्यूनं, एएस ३४९१ नं, तो न तपासता घेतला आणि पुढे जगाला वाटला. यूट्यूबकडे निघालेली पॅकेट्स पाकिस्तानात पोहोचून गायब होऊ लागली.

[दृश्य : दोन पट्ट्या. लांब पट्टीवर /२२, तिच्या आत छोटी पट्टी /२४.]

यूट्यूब तेव्हा २०८.६५.१५२.०/२२ हा प्रिफिक्स, म्हणजे पत्त्यांचा सलग गट, अनाउन्स करत होतं. तिरक्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा तितका गट लहान, म्हणजे जास्त नेमका. त्यात १०२४ पत्ते. पाकिस्तानातून निघालेल्या /२४ मध्ये त्यातलेच २५६. राउटर पॅकेट पाठवताना सर्वांत नेमका प्रिफिक्स निवडतो. एएस पाथची (वाटेतल्या नेटवर्कांच्या क्रमांकांच्या रांगेची) लांबी, लोकल प्रेफरन्स (आपण स्वतः रूटला दिलेली पसंती) वगैरे तुलना होते ती एकाच प्रिफिक्सच्या दोन रूटमध्ये. /२२ आणि /२४ हे दोन वेगळे प्रिफिक्स, त्यांच्यात सामनाच होत नाही. /२४ टेबलात आला की तो जिंकलेलाच असतो.

२०:०७ ला यूट्यूबनंही तोच /२४ अनाउन्स केला. आता सामना बरोबरीचा झाला, म्हणजे ज्याला यूट्यूब जवळ तो यूट्यूबकडे आणि ज्याला पाकिस्तान जवळ तो पाकिस्तानकडे. २०:१८ ला यूट्यूबनं त्याचे दोन /२५ केले. हे आणखी नेमके, पण /२४ पेक्षा लांब प्रिफिक्स बरेच ऑपरेटर दारातच अडवतात, त्यामुळे जिथे पोहोचले तिथेच उपयोग. २१:०१ ला पीसीसीडब्ल्यूनं ते रूट मागे घेतले, तेव्हा खरी सुटका झाली. एकूण दोन तास चौदा मिनिटं.

या हिशेबातून एक गोष्ट घ्यायची. तुम्ही /२४ च अनाउन्स करत असाल, तर हायजॅक, म्हणजे पत्त्यांची अशी पळवापळव, झाल्यावर आणखी नेमकं व्हायला जागा उरलेली नसते. मोठा प्रिफिक्स असेल तर त्याचे तुकडे करण्याचं कॉन्फिगरेशन आधीच लिहून ठेवावं. त्या रात्री ते सुचायला वेळ नसतो.

[दृश्य : जुना राउटर, लुकलुकणारे दिवे.]

बीजीपीचं पहिलं आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज, जून १९८९ चं. तेव्हा जोडलेली नेटवर्कं थोडी, आणि ती चालवणारी माणसं एकमेकांना ओळखणारी. शेजारी जे सांगेल ते खरं, हा त्या प्रोटोकॉलचा पाया. आजही दोन राउटर टीसीपीच्या १७९ पोर्टवर बोलतात आणि एकमेकांचं ऐकतात. आयपीव्ही४ च्या जागतिक टेबलात आता नऊ लाखांहून जास्त प्रिफिक्स आहेत, तरी पाया तोच.

सेशनला, म्हणजे दोन राउटरांमधल्या या जोडणीला, कुलूप लावायची साधनं आहेत. टीटीएल २५५ ची अट (पॅकेट थेट शेजाऱ्याकडूनच आलं हे पाहणारी), एमडी५ चा पासवर्ड किंवा त्याहून नवं टीसीपी-एओ. ती जरूर लावावीत. पण वरच्या प्रसंगातलं प्रत्येक सेशन अस्सल होतं. खोटा रूट ओळखीच्या शेजाऱ्याकडूनच आला.

[दृश्य : ब्राउझरमध्ये सर्टिफिकेटचा इशारा.]

वाट वळवून काय साधतं? २४ एप्रिल २०१८ ला अ‍ॅमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सेवेचे काही /२४ दुसऱ्याच एएसमधून सुमारे दोन तास अनाउन्स झाले. हल्लेखोरानं वेबसाइटला हात लावला नाही, नाव सांगणाऱ्या सर्व्हरची जागा घेतली. मायइथरवॉलेट या क्रिप्टोचलनाच्या वॉलेट साइटचा पत्ता विचारणाऱ्यांना खोटं उत्तर मिळालं आणि लोक हुबेहूब दिसणाऱ्या नकली साइटवर उतरले. सर्टिफिकेट स्वतःच सही केलेलं होतं, ब्राउझर लाल इशारा देत होता. तो ओलांडून पुढे गेलेल्यांच्या वॉलेटमधून सुमारे दीड लाख डॉलरचं चलन गेलं.

इथे एचटीटीपीएसनं आपलं काम केलं होतं. पण हल्लेखोरानं खरंच सर्टिफिकेट मिळवलं तर? डोमेन तुमचं आहे का हे सर्टिफिकेट देणारी संस्था नेटवरूनच तपासते, आणि तिची तपासणीही त्याच वळवलेल्या वाटेनं जाऊ शकते. म्हणून आता ही तपासणी एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणांहून करतात. लेट्स एन्क्रिप्ट २०२० पासून असं करतं आहे. हायजॅक एका भागापुरता असेल तर उत्तरं जुळत नाहीत आणि अर्ज फेटाळला जातो.

[दृश्य : वायरशार्कची खिडकी, डीएनएसच्या ओळी सरकत आहेत.]

मधल्या माणसाला काय दिसतं, हा खाजगीपणाचा प्रश्नही इथलाच. मधला माणूस म्हणजे फक्त चोर नव्हे. त्यात आपणही येतो, लोकांचं नेटवर्क चालवणारे. एचटीटीपीएसमुळे मजकूर दिसत नाही. डीएनएसचं साधं क्वेरी पोर्ट ५३ वर उघडं असतं, आणि टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसचं कूटभाषेचं आवरण, सुरू होताना साइटचं नावही, एसएनआय, सहसा उघडंच जातं. डीएनएस टीएलएसवरून नेलं तर पोर्ट ८५३. एचटीटीपीएसवरून नेलं तर ४४३, आणि मग ते बाकीच्या वेब ट्रॅफिकमधून वेगळं काढता येत नाही.

ऑपरेटरांमध्ये यावरून जुनं भांडण आहे. मालवेअरची नावं डीएनएसमध्ये अडवणाऱ्याला ४४३ मधलं डीएनएस नको असतं. वापरणाऱ्याला मात्र त्याच कारणासाठी ते हवं असतं. दोघांचंही खरं आहे. फक्त एवढं विसरू नये की माहिती नाहीशी होत नाही, ती जवळच्या रिझॉल्व्हरकडून (नावाचं उत्तर शोधून देणाऱ्या सर्व्हरकडून) दूरच्या रिझॉल्व्हरकडे जाते. त्याचे लॉग किती दिवस राहतात, हे विचारायलाच हवं.

स्वतःचा रिझॉल्व्हर चालवत असाल तर क्यूनेम मिनिमायझेशन चालू करा. त्यानं डीएनएसच्या मुळाशी असलेल्या रूट सर्व्हरला पूर्ण नाव न जाता शेवटचा तुकडाच जातो. क्वेरी लॉगमध्ये ग्राहकाचा पत्ता तक्रार सोडवायला लागतो तितकेच दिवस ठेवा. ट्रॅफिक मोजण्यासाठी हजारात एक पॅकेटचा नेटफ्लो नमुना पुरतो. सगळं साठवलं तर एक दिवस कोणीतरी ते मागायला येणार, किंवा न मागता घेऊन जाणार.

[दृश्य : व्हाइटबोर्ड. प्रिफिक्स, एएस क्रमांक, कमाल लांबी असे तीन रकाने.]

आता बंदोबस्त. आरपीकेआय या सह्यांच्या यंत्रणेत पत्त्यांचा धनी सही करून एक नोंद ठेवतो. तिला रोआ म्हणतात. हा प्रिफिक्स या एएसमधून निघेल आणि फार तर इतक्या लांबीपर्यंत तुटेल, एवढंच तिच्यात असतं. नोंद एपनिक, राइप एनसीसी, एरिन, लॅकनिक किंवा आफ्रिनिक या पत्ते वाटणाऱ्या प्रादेशिक संस्थांपैकी ज्यांच्याकडून पत्ते आले त्यांच्या यंत्रणेत होते. मे २०२४ मध्ये आयपीव्ही४ च्या निम्म्याहून जास्त रूटना रोआचं छत्र मिळालं.

रोआ करताना क्रम चुकतो. तुमच्या /२२ मधला एक /२४ ग्राहक त्याच्या एएसमधून अनाउन्स करतो आहे असं समजा. तुम्ही आधी /२२ चा रोआ केलात, की त्या क्षणी ग्राहकाचा /२४ इन्व्हॅलिड, म्हणजे रोआशी न जुळणारा. म्हणून आधी ग्राहकाच्या /२४ चा रोआ, मग मोठ्याचा. त्याआधी लुकिंग ग्लासमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या राउटरचं टेबल दाखवणाऱ्या साइटवर, बघून घ्या की तुमच्या पत्त्यांतून सध्या काय काय बाहेर जातं. डीडॉस, म्हणजे ट्रॅफिकचा पूर सोडणारा हल्ला, झाल्यावर ट्रॅफिक धुऊन देणारी सेवा तिच्या एएसमधून तुमचा /२४ अनाउन्स करणार असेल तर तिचाही रोआ आधीच लागतो. हल्ला चालू असताना हे आठवलं तर उशीर झालेला असतो.

दुसरा सापळा कमाल लांबीचा. ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून /२२ च्या रोआत कमाल लांबी २४ भरतात आणि अनाउन्स फक्त /२२ करतात. हल्लेखोर काय करतो? पाथच्या शेवटी तुमचा एएस क्रमांक चिकटवून तुमचाच /२४ सोडतो. उगम बरोबर, लांबी परवानगीतली, म्हणजे व्हॅलिड! तुमच्याच सहीनं. जे प्रत्यक्ष अनाउन्स करता तेवढंच लिहा. ऑक्टोबर २०२२ चं आरएफसी ९३१९ हेच सांगतं.

[दृश्य : टर्मिनल. रूटिनेटरच्या लॉगच्या ओळी.]

रोआ करणं अर्धंच काम. दुसऱ्यांचे रोआ तुमच्या राउटरनं तपासायला हवेत. त्यासाठी रूटिनेटर किंवा आरपीकेआय-क्लायंटसारखा व्हॅलिडेटर चालवतात. शक्यतो दोन, वेगवेगळ्या मशीनवर आणि वेगवेगळ्या सॉफ्टवेअरचे. दोन्ही बंद पडले तर घाबरू नका. जुनी यादी मुदत संपेपर्यंत राहते, नंतर रूट ‘नॉट फाउंड’, म्हणजे रोआ नसल्यासारखे, होतात आणि ट्रॅफिक चालू राहतो.

राउटरवरचा नियम एकच : इन्व्हॅलिड नाकारा. काही जण सावधपणा म्हणून इन्व्हॅलिडला नाकारत नाहीत, त्याचा लोकल प्रेफरन्स कमी करतात. सुरुवातीची पट्टी आठवा. हायजॅकचा /२४ एकटाच असेल तर प्रेफरन्स कितीही खाली आणा, तोच जिंकणार. एक खोड आणखी आहे. टेबलात अपस्ट्रीमकडे जाणारा डिफॉल्ट रूट असला आणि दुसरं काही जुळलं नाही, तर नाकारलेल्या प्रिफिक्सची पॅकेट्स त्या डिफॉल्टनं बाहेर पडतात. अपस्ट्रीम तपासत नसेल तर ती हल्लेखोराकडेच जातात.

शिवाय, आलेले सगळे रूट राउटरनं मेमरीत जपून ठेवायला हवेत. नाहीतर रोआची यादी बदलली की काही राउटर शेजाऱ्याकडे सगळं टेबल पुन्हा मागतात. दिवसभर मागत राहतात. शेजारी फोन करतो.

आणि या यंत्रणेची किल्ली असते एका वेब लॉगिनमागे. जानेवारी २०२४ मध्ये ऑरेंजच्या स्पेनमधल्या शाखेचं राइप एनसीसीचं खातं कुणीतरी उघडलं. पासवर्ड सहज सुचेल असा, दोन टप्प्यांची ओळख बंद. आत शिरलेल्यानं रूट हायजॅक केले नाहीत. चुकीच्या एएसचे रोआ करून कंपनीचे खरे रूटच इन्व्हॅलिड ठरवले, आणि तपासणी करणाऱ्या नेटवर्कांनी ते इमानेइतबारे फेकून दिले. काही तास ग्राहकांचं इंटरनेट विस्कळीत झालं.

[दृश्य : नकाशावर एक बारीक रेघ, तिच्यातून जाड प्रवाह.]

रोआ जे सहसा पकडत नाही ते म्हणजे लीक. ग्राहकानं एका अपस्ट्रीमकडून ऐकलेलं दुसऱ्या अपस्ट्रीमला सांगायचं नसतं. २४ जून २०१९ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या सेवादाराकडे ‘बीजीपी ऑप्टिमायझर’ होता. ट्रॅफिक वाटण्यासाठी तो दुसऱ्यांच्या प्रिफिक्सचे तुकडे पाडून घरात ठेवायचा. ते तुकडे दोन जोडण्या असलेल्या ग्राहकाकडे गेले, त्याच्याकडून व्हेरायझनच्या एएस ७०१ कडे, आणि तिथून सगळीकडे. क्लाउडफ्लेअरसकट मोठ्या सेवांचा ट्रॅफिक एका कारखानदार कंपनीच्या जोडणीतून जायला लागला. तुकड्यांचा तो ऑप्टिमायझर कुठे चालू असेल तर बंद करा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्या दिवशी व्हेरायझनकडे ग्राहकाच्या सेशनवर प्रिफिक्सच्या संख्येची मर्यादा असती तर एका ओळीत विषय संपला असता. आज वीस प्रिफिक्स देणाऱ्या ग्राहकाला तीसची मर्यादा द्या, त्याआधी इशारा द्या. ओलांडली की सेशन खाली, आणि आपोआप परत वर आणू नका. नाहीतर तेच रूट दर काही मिनिटांनी येत-जात राहतात.

ग्राहकाची प्रिफिक्स यादी त्याच्या एएस-सेटवरून (रजिस्ट्रीत नोंदवलेल्या एएसांच्या यादीवरून) बीजीपीक्यू४ या साधनानं रोज बनवता येते. फक्त एक गोष्ट सांभाळा. रजिस्ट्रीचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर स्क्रिप्ट रिकामी यादी आणते आणि ती राउटरवर ढकलते. पहाटे तीन वाजता सगळे ग्राहक बंद. नव्या यादीतल्या ओळी कालच्यापेक्षा दहा टक्क्यांनी जरी घटल्या तरी स्क्रिप्टनं थांबून माणसाला विचारावं.

मे २०२२ च्या आरएफसी ९२३४ नं आणखी एक सोय दिली. सेशन सुरू होताना दोन्ही बाजू आपलं नातं सांगतात : पुरवठादार, ग्राहक, पीअर (बरोबरीचा शेजारी). नाती जुळली नाहीत तर सेशन उभंच राहत नाही, आणि खाली (ग्राहकाकडे) किंवा बाजूला (पीअरकडे) गेलेल्या रूटवर खूण बसते. ती खूण असलेला रूट पुन्हा वर चढला तर लीक लगेच कळतो.

[दृश्य : व्हाइटबोर्डवर एएस पाथ. शेवटचा क्रमांक हिरवा, आधीचे सगळे करडे.]

उरतो तो पाथ. रोआ फक्त शेवटचा क्रमांक तपासतो, मधले कोणीही काहीही लिहू शकतं. प्रत्येक उडीवर सही घेणारं बीजीपीसेक २०१७ मध्ये आरएफसी झालं, पण वाटेतल्या प्रत्येकानं ते चालवलं तरच सही पोहोचते, म्हणून ते कागदावरच राहिलं. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये आकाराला आलेली अस्पा ही कल्पना त्यापेक्षा हलकी आहे. आपले पुरवठादार कोण, त्यांचे एएस क्रमांक प्रत्येकानं सही करून लिहायचे. पाथ एकदा वर चढतो, मग उतरतो. उतरल्यावर परत चढलेला दिसला की तो खोटा किंवा लीक. जुनी चूक मात्र इथेही वाट बघते आहे : रात्रीपुरता घेतलेला बॅकअप अपस्ट्रीम यादीत लिहायचा राहिला, तर ज्या रात्री तो लागेल त्याच रात्री तुमचा खरा पाथ इन्व्हॅलिड ठरेल.