खुब्यातल्या सुया

सकाळचे सात वाजलेत. काका ओट्यावर बसून डाव्या पायात चप्पल सरकवतायत, किती वेळ लागतोय बघा, हा शॉट आम्ही मुद्दाम कुठेच कापलेला नाही.

वय ५८. कुठे दुखतं विचारलं की हात जांघेत जातो. खुब्याचा सांधा दुखतो तेव्हा बहुतेक वेळा जांघेतच दुखतं. मागे, बसायच्या जागेवर दुखलं की आपण खुबा धरला म्हणतो, पण ते पुष्कळदा कमरेचं असतं.

अंगठ्याचा गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साठून होणारं दुखणं, काकांना जुनाच. रात्री दोनला अंगठा लालबुंद, चादरसुद्धा लागलेली सहन होत नाही, मग चार दिवस दुखण्याच्या गोळ्या की परत शेतात, अशी पंधरा वर्षं गेली. खुबा दुखायला लागला तेव्हा कोणी झीज म्हणालं, कोणी बॉल खराब झालाय म्हणालं. गाऊट कोणाला सुचलाच नाही, कारण तो तिथे क्वचितच होतो. रक्तातलं युरिक ॲसिड साधारण ६.८ च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वर गेलं की ते पूर्ण विरघळून राहत नाही, त्याचे खडे धरायला लागतात आणि जागा थंड असेल तर आणखी लवकर. पायाचा अंगठा थंड, खुबा मात्र खोल, स्नायूंच्या उबेत. पण ॲसिड वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं तर तिथेही साठू शकतं.

आता हे नीट बघा. सोनोग्राफीच्या स्क्रीनवर खुब्याचं हाड, त्याच्यापुढे काळी पट्टी, ते साठलेलं पाणी. गुडघ्यासारखं वरवर नसतं म्हणून लांब सुई आणि स्क्रीनवर नजर ठेवून पुढून आत जायचं. सिरिंजमध्ये गढूळ पिवळं पाणी येतंय. त्याचे दोन भाग करायचे, एक जंतू बघायला, कारण सांध्यात पू झाला तरी चित्र असंच दिसतं आणि कधीकधी दोन्ही एकदम असतात. दुसऱ्यातला एक थेंब काचेवर, खास प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली.

गुलाबी पार्श्वभूमीवर त्या बारीक सुया दिसल्या? एका दिशेला पिवळ्या, काच काटकोनात फिरवली की त्याच सुया निळ्या. युरिक ॲसिडचे स्फटिक असेच रंग बदलतात. गाऊट ओळखायची ही पद्धत १९६१ पासूनची आहे आणि अजूनही सगळ्यात पक्की हीच. नुसता रक्ताचा रिपोर्ट बघून ठरवू नका, ऐन दुखण्यात आकडा नॉर्मल येऊ शकतो आणि आकडा वाढलेल्या कितीतरी लोकांना गाऊट होतच नाही. खुब्यासाठी थेंब तपासायला सांगा, आम्ही हे परत परत सांगणार.

पावसाळ्यात कुंपणावर दिसणारं हे लाल-पिवळं फूल म्हणजे कळलावी. झटका आला की देतात ते कोल्चिसिन हिच्यातही असतं. कंद जबरदस्त विषारी, घरी अजिबात प्रयोग नको, गोळी मोजून आणि डॉक्टरांना विचारूनच.

पण झटका थांबला म्हणजे गाऊट गेला नाही, काकांचं पंधरा वर्षं इथेच चुकलं. ॲसिड उतरवायची गोळी वेगळी, ॲलोप्युरिनॉल, ती रोजची. किडनी बघून १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीवर सुरू करायची आणि आकडा ६ च्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवायची. सुरुवातीचे काही महिने झटके उलट वाढू शकतात, जुने खडे विरघळत असतात, लोक नेमकी तेव्हाच गोळी सोडतात. सोडू नका. मात्र अंगावर पुरळ आलं तर लगेच बंद करून डॉक्टर गाठायचे.

आणि डाळ बंद करू नका हो! घरोघरी आधी वरणच बंद करतात. बिअर, दारू, वजडी-कलेजी, गोड कोल्ड्रिंक, हे कमी करा. बीपीच्या काही गोळ्यांनीही ॲसिड चढतं, ते डॉक्टरांना विचारा.

दुर्लक्ष केलं तर सांधा आतून खाल्ला जातो आणि मग बदलावा लागतो.

काकांचा स्टीलचा डबा, त्यात गोळ्यांची पाकिटं. कॅलेंडरवर निळ्या पेनने लिहिलेले आकडे, ९.४, ७.८, ६.३, ५.६. मांडी अजून घालता येत नाही. चप्पल आता उभ्यानेच घालतात.