पिशवीतले कागद

दृश्य : सकाळचं नाशिकचं जुनं सीबीएस, म्हणजे एसटी स्टँड. निफाडकडची लाल बस लागते. दारातून आधी एक पिशवी उतरते, मग बाई.

ताईंचा चेहरा आपण दाखवणार नाही, तसं त्यांच्याशी ठरलंय. पिशवी मात्र नीट बघा. येवल्याच्या पैठणीच्या दुकानातली, घरातल्या कुठल्याशा लग्नाच्या बस्त्यातून आलेली. एक बंद तुटलाय, तिथं सुतळी बांधलीय. आत अडीच वर्षांचे कागद आहेत. धाकट्या भावाला नेमकं काय झालंय आणि त्याला न्यायचं कुठं, हे शोधण्यात ही अडीच वर्षं गेली.

दृश्य : घराची ओसरी. फरशीवर एकेक कागद मांडला जातोय. पंख्यानं उडू नयेत म्हणून एकावर वरवंटा, दुसऱ्यावर तांब्या.

पहिला कागद गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचा. भाऊ अंबडला एमआयडीसीत, मशीनवर. रात्रपाळ्या करून झोप उडाली असणार, असं घरच्यांनी धरलं. मग शक्तीचं इंजेक्शन, सलाईन, झोपेची गोळी. डॉक्टरांचं चुकलं म्हणायला आमची जीभ रेटत नाही. झोप येत नाही, एवढंच त्यांना सांगितलं होतं. मशीन आपल्याला नावानं हाक मारतं, हे तो फक्त ताईंपाशी बोलला होता, आणि ताईंनी ते गिळलं होतं.

दुसरा, एमआरआय. ती काळी फिल्म ताईंनी उन्हात धरली तेव्हा आमच्या कॅमेरामनला मोह आवरला नाही, म्हणून हा शॉट लांबलाय. रिपोर्टात लिहिलंय ‘नॉर्मल’. त्या शब्दाखाली कुणीतरी निळ्या पेनानं दोनदा रेघ ओढलीय. घरात पेढे वाटायचेच बाकी राहिले होते. आठवडाभरानं शंका निघाली. मेंदू चांगला आहे, तर मग हे बाहेरचंच असणार.

तिसरा कागद वहीतून फाडलेला. सामानाची यादी. काळे तीळ, नवं पांढरं धोतर, साडी. त्र्यंबकला नारायण नागबळी, तीन दिवसांचा विधी. पूजेवर आमचं काही म्हणणं नाही. ताईंनाही त्या तीन दिवसांत बरं वाटलं होतं, निदान घरातले सगळे एका जागी होते. पुढचा शॉट मात्र आम्ही मुद्दाम दोनदा लावलाय.

दृश्य : त्र्यंबकला निघालेली बस. खिडकीबाहेर गोल्फ क्लबचं मैदान, मग सिव्हिलचं, म्हणजे जिल्हा रुग्णालयाचं आवार, रिक्षांची रांग. तोच शॉट पुन्हा.

सीबीएसहून सुटलेली त्र्यंबकची गाडी सिव्हिलवरूनच जाते. बहीण, भाऊ आणि आई त्या गाडीतून जाताना इथून गेले, परत येतानाही इथूनच आले. आत मानसोपचार विभाग आहे, हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. सिव्हिल म्हणजे अपघात, बाळंतपण, साप चावला तर, आणि पोस्टमॉर्टेम. डोक्याचं काही असलं की गावात एकच नाव निघतं, ठाणं. माणसाला ठाण्याला ‘नेत’ नाहीत, ‘टाकतात’. कसारा घाट उतरून जायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं, असं ते चित्र.

ते चित्र कुठून आलं तेही सांगायला हवं. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. नाशिकचं नाव त्यात नाही. पण देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा आहे आणि त्यातला जिल्हा कार्यक्रम १९९६ पासूनचा. कर्नाटकात बेल्लारी जिल्ह्यात त्याचा नमुना आधी करून पाहिला होता. कल्पना साधी होती. माणसाला दूरच्या मनोरुग्णालयात पाठवायचं नाही, औषध त्याच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात आणायचं. म्हणजे ही गोष्ट नवी नाही. राज्याचं १९९८ सालचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथंच आहे, म्हसरूळला. आडगावला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. दारं आहेत. गावातल्या कुठल्या भिंतीवर ती लिहिलेली आम्हाला तरी दिसली नाहीत. गर्भसंस्काराच्या वर्गाचा बोर्ड मात्र एका भिंतीवर होता.

चौथा कागद म्हणजे नुसतं बिल. एका खासगी दवाखान्यात भाऊ सहा दिवस दाखल होता. डिस्चार्ज कार्ड मागितलं तर ‘फाइल सापडत नाही, नंतर या’. नंतर दोनदा गेल्या, मग सोडून दिलं. कुठली गोळी लागू पडली आणि कुठल्या गोळीनं अंग आखडलं, याची नोंद त्या कार्डाबरोबरच गेली. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. आपल्या उपचारांचे कागद मागण्याचा रुग्णाला त्यात हक्क आहे. ताईंना तो ठाऊक नव्हता. काउंटरवरच्या माणसालाही नसावा, असं धरून चालू.

दृश्य : कांद्याची हिशोबपट्टी. हात ती उलटी करतो. मागे पेन्सिलीनं पाच आकडे.

आता हा पाचवा. लासलगावच्या बाजारात कांदा विकल्यावर व्यापारी देतो ती पट्टी. पुढच्या बाजूला वजन, भाव, हमाली, तोलाई. मागच्या बाजूला गावच्या आशाताईंनी लिहून दिलेला नंबर, १४४१६. त्या लसीकरणाच्या यादीसाठी आल्या होत्या. ओसरीवर भाऊ भिंतीकडं तोंड करून बसलेला त्यांनी पाहिला आणि चहा होईस्तोवर काहीच विचारलं नाही. जाताना म्हणाल्या, “फुकट आहे, मराठीत बोलतात. रात्रीसुद्धा लागतो.”

टेली मानस. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारी सेवा, चोवीस तास. फोन लावला की आधी भाषा विचारतात. मग समुपदेशक बोलतो. गरज पडली तर तो पुढं तज्ज्ञांना जोडून देतो किंवा जिल्ह्यात कुठं जायचं ते सांगतो. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर त्या रात्रीसुद्धा हाच नंबर लावायचा आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.

ताईंनी फोन लावला रात्री अकराला, गोठ्यात जाऊन. पहिली चार-पाच मिनिटं भावाचं काही निघालंच नाही. आईची शुगर, कांद्याचा भाव, स्वतःचं गुडघ्याचं दुखणं. पलीकडचा माणूस ऐकत राहिला. मग ताईंनी विचारलं, “तो यायलाच तयार नाही, काय करू?” उत्तर आलं, आधी तुम्ही एकट्या जा. कधीपासून काय होतंय ते लिहून न्या.

दृश्य : शाळेच्या वहीचं पान. अक्षर मोठं, तिरकं.

हे ते पान. “दिवाळी, झोप बंद. संक्रांत, जेवायला नको म्हणतो, त्यात काही घातलंय म्हणतो. शिमगा, कामावर जाणं बंद. आखाजी, रात्री उठून रस्त्यावर गेला.” तारखा नाहीत, सण आहेत. मानसोपचाराला एमआरआयपेक्षा हे पान जास्त उपयोगी पडतं. ते आता केस पेपरला स्टेपल केलेलं आहे, पहिलं पान म्हणून.

सिव्हिलच्या विभागात आम्हाला कॅमेरा नेऊ दिला नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून तुम्हाला फक्त बाहेरचा बाक दिसतोय. केस पेपर काढायचा, नंबर लावायचा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दुसऱ्या खेपेला भाऊ आला. ‘झोपेच्या डॉक्टरकडं’ असं त्याला सांगितलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

खासगीत जायचं तर एवढं विचारून जा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतो, चाचण्या घेतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते. नोंदणी क्रमांक विचारला म्हणून कुणी रागावलं, तर सरळ उठून या. ‘समुपदेशक’ अशी नुसती पाटी रंगवून घ्यायला पेंटर पुरतो.

दृश्य : एका सभागृहाचं दार. बाहेर चपलांचा ढीग. कोल्हापुरी, स्लीपर, एक सेफ्टी शूज. आतून हसण्याचा आवाज.

हसतायत, हो. ही रुग्णांच्या नातेवाइकांची बैठक आहे. बाहेर पाटी नाही, फी नाही, आणि चहा ज्याच्या त्याच्या पाळीनं. चेहरे आम्ही घेतले नाहीत, म्हणून चपला. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये तर निनावी राहणं हा पायाच आहे. तिथं माणूस नुसतं पहिलं नाव सांगतो आणि म्हणतो, आजचा दिवस प्यायलो नाही. घरच्यांसाठी वेगळे अल-अनॉन गट असतात. स्किझोफ्रेनियासाठी, म्हणजे भास आणि संशयाच्या आजारासाठी, पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णांच्या आणि घरच्यांच्या गटांचं काम बरीच वर्षं करतेय.

या खोलीत डॉक्टर नसतो. जे डॉक्टरला विचारायची लाज वाटते ते इथं निघतं. ताईंनी पहिल्याच दिवशी कबूल केलं, की त्या गोळी कुटून आमटीत घालतात. कुणी दचकलं नाही. नाशिकरोडच्या एक काकू म्हणाल्या, “मी पण घालायचे. त्याला कळलं त्या दिवसापासून माझ्या हातचं तो जेवला नाही, आठ महिने. तू बंद कर गं बाई. त्याला सांग, ही गोळी आहे, आणि समोर बसून दे. घेतली नाही तर डॉक्टरला सांग, पण चोरून नको.” दुसरे एक काका निवृत्त आहेत. मुलगा बरा दिसायला लागला म्हणून त्यांनी परस्पर औषध थांबवलं होतं, त्याचं पुढं काय झालं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि चहाचे कप गोळा करायला उठले. त्यानंतर खोलीत कुणी गोळ्या परस्पर बंद करायची भाषा केली नाही.

आमच्या मते औषधाइतकंच महत्त्व या चपलांच्या ढिगाला आहे. मानसोपचारतज्ज्ञ हे मान्य करतील की नाही, माहीत नाही. पण पहिल्यांदा सिव्हिलला आलेला माणूस दुसऱ्यांदा येतो की नाही, हे घरी त्याच्याबरोबर कोण आहे आणि त्या ‘कोण’बरोबर कोण आहे, यावर ठरतं.

भावाची अंबडची नोकरी गेली ती गेलीच. जमलेलं लग्नही मोडलं. आता तो शेजारच्या गावात द्राक्षाच्या शेडवर जातो, दिवसपाळीला.

दृश्य : शेड. रिकामे क्रेट. दोन हात घड उचलतात, कात्रीनं खराब मणी काढतात, घड परत ठेवतात.

दृश्य : संध्याकाळचं सीबीएस.

पुढची तारीख महिन्याभरानं. बैठकीतल्या काकूंनी ताईंना एक फाइल दिलीय, प्लास्टिकच्या कप्प्यांची, कागद क्रमानं लावायला. ताईंनी बाकावर बसून सगळे कागद त्यात लावले. कांद्याची पट्टी सगळ्यात वर, आकडे दिसतील अशी. मग ती फाइल त्यांनी पैठणीच्या पिशवीत ठेवली, सुतळी ओढली आणि निफाडच्या गाडीची पाटी वाचायला उठल्या.